लिस्बन : वसईच्या किल्ल्याचं दुसरं टोक

आमचं घर वसईचं. लहानपणी घरी पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवायला न्यायचं काम बाबांचं आणि बाबांच्या मागे मागे फिरायचं काम माझं. छप्पर उडालेली चर्च, भिंतींतून फुटलेले पिंपळ, आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. त्या शिळांवरची पोर्तुगीज अक्षरं ते गुडघ्यावर बसून एका वहीत उतरवून घ्यायचे. भाषा येत नव्हती, पण 'सेपुल्तुरा' म्हणजे थडगं, एवढं आम्हा दोघांनाही पाठ होतं.

गेली सहा वर्षं मी नोकरीसाठी जर्मनीत, श्टुटगार्टला आहे. या वर्षी ऑक्टोबरात आई-बाबा माझ्याकडे आले. पॅरिसला जाऊ, स्वित्झर्लंडला जाऊ, मी यादीच काढली होती. बाबांनी यादी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "मला लिस्बन दाखव. बाकीचं तुझ्या आईला विचार." आईची एकच अट होती, चढउतार फार नको, कारण बाबांचे गुडघे. लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय हे मी तिला विमानात बसल्यावर सांगितलं.

पहिला दिवस, गुरुवार

विमानतळातूनच मेट्रो मिळते, त्यामुळे टॅक्सीच्या भानगडीत पडायचं कारण नाही. तिथल्याच यंत्रातून प्रत्येकी एक 'नावेगांत' कार्ड घेतलं आणि पैसे भरून टाकले. पुढचे चार दिवस मेट्रो, ट्राम, बस, लोकल सगळीकडे तेच चाललं. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हे पहिल्यांदा करावं, सारखी तिकिटं काढायची दगदग वाचते.

खोली बायशा भागात घेतली होती. बायशा म्हणजे शहराचा खालचा, सपाट भाग. मालकीणबाई साठीच्या, बोटांना पिठाचा वास. त्यांना इंग्रजी जेमतेम. दाराशी उभं राहून त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "शाव." बाबा माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या हातात किल्ली होती. "चावी!" बाबा एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की बाई दचकल्या आणि मग हसल्या. मी थोडंफार खुणांनी समजावलं. मग त्या दोघांचा खेळच सुरू झाला. बाई न्हाणीघरातल्या बादलीला 'बाल्द' म्हणाल्या, बाबा 'बादली'. बाई 'पाऊं', बाबा 'पाव'. कोबीला 'कोव्ह', फितीला 'फीता'. बटाटा तर जसाच्या तसा. मला हे शब्द पोर्तुगीज आहेत हे शाळेपासून माहीत होतं, पण परीक्षेत लिहिलेला शब्द समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावर कुणीतरी असंच वस्तू हातात धरून नाव सांगितलं असेल, आणि ते नाव आमच्या स्वयंपाकघरात राहिलं.

संध्याकाळी चालत प्रासा दु कोमेर्सिऊला गेलो. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती आणि चौथी बाजू थेट नदीला मोकळी. मध्ये घोड्यावर राजा जोझे पहिला. पाण्यात उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्या आणि त्यांच्या टोकाला दोन खांब. टॅगस नदी इथे इतकी रुंद आहे की आईला ती खाडीच वाटली. इथले लोक तिला 'तेजू' म्हणतात. हे नाव आईला आवडलं, आणि ती पुढे तेजूच म्हणत राहिली.

जुने लोक या चौकाला अजून 'तेर्रेरू दु पासू', म्हणजे राजवाड्याचं अंगण म्हणतात. १७५५ पर्यंत इथे राजवाडा होता आणि त्याला लागून 'काझा दा इंडिया'. भारतातून येणाऱ्या मिरीचा, दालचिनीचा, कापडाचा हिशेब तिथे व्हायचा. बाबा त्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले, बुटांना पाणी लागेपर्यंत. काही बोलले नाहीत. बाजूला एक माणूस कोळशाच्या गाडीवर चेस्टनट भाजत होता, त्याच्या धुरानं सगळा कोपरा पांढरा झाला होता. कागदाच्या पुडीत डझनभर मिळाले. मीठ लावलेले, गरमगरम. आईनं एक सोलून तोंडात टाकला आणि म्हणाली, "अगं, या तर फणसाच्या आठळ्या!" अगदी तीच चव.

दुसरा दिवस, शुक्रवार

लिस्बन समजून घ्यायचं तर एक तारीख आधी लक्षात ठेवायला हवी. १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांच्या सणाचा दिवस, सकाळी साडेनऊच्या सुमाराची वेळ. चर्च भरलेली, जागोजागी मेणबत्त्या लावलेल्या. भूकंप झाला, मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आगी लागल्या, जीव वाचवायला लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले तर तिथे त्सुनामी आली. आगी पुढे कित्येक दिवस धुमसत होत्या. राजवाडा गेला, काझा दा इंडिया गेलं.

आपण बायशात ज्या सरळ, काटकोनी रस्त्यांवरून चालतो ते त्यानंतर मार्किश द पोंबाल या मंत्र्यानं आखून घेतलेले. इथल्या भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा, तिरक्या फळ्यांचा पिंजरा असतो. हादरा बसला तर दगड निखळेल पण पिंजरा हलून उभा राहील, ही कल्पना. त्याची परीक्षा घ्यायला नमुन्याच्या भोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं होतं असं सांगतात. एवढ्या मोठ्या आपत्तीतून उठून ज्यांनी असा विचार केला त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

रोसियू चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. फरशी सपाट असली तरी नजरेला हलल्यासारखी दिसते, आईनं माझा हात धरला. लिस्बनच्या पदपथांवर सगळीकडे असे हातानं बसवलेले चुनखडीचे आणि काळे बेसाल्टचे तुकडे आहेत, पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की फार घसरतात. बुटांचा तळ बघून घ्या, एवढंच सांगेन.

चौकाच्या उत्तरेला राष्ट्रीय नाट्यगृह आहे, पांढरं, खांबांचं. त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. धर्मन्यायालय म्हणावं तर शब्दात न्याय येतो, म्हणून मी मूळचा शब्दच ठेवते. गोव्यात १५६० साली जे सुरू झालं आणि १८१२ पर्यंत टिकलं त्याची सूत्रं इथल्या संस्थेशी बांधलेली होती. दोन पावलांवर सांतु दोमिंगुश चर्च. १५०६ साली याच चर्चपासून ज्यूंची कत्तल सुरू झाली, तीन दिवस चालली. बाहेरच्या छोट्या चौकात तिचं स्मारक आहे. आत गेल्यावर आधी काही कळत नाही, मग डोळे सरावले की खांब दिसतात, तडकलेले, कपचे उडालेले. १९५९ च्या आगीत ते भाजले. छप्पर नवं घातलं, खांब तसेच ठेवले. आई बराच वेळ एका खांबाला टेकून उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे लपवलं नाही, ते बरं केलं."

मग कार्मूचं पडकं चर्च. उंचावर आहे, म्हणून मी बाबांसाठी सांता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टचा विचार केला होता, पण रांग बघून मेट्रोनं बायशा-शियादू स्टेशनला गेलो. तिथले सरकते जिने एकापाठोपाठ एक वर नेतात आणि आपण टेकडीवर निघतो. गुडघेदुखीवाल्यांनी हा मार्ग ध्यानात ठेवावा.

कार्मूचं चर्च नूनु आल्वारिश परेरा या सेनापतीनं १३८९ साली बांधायला घेतलं. भूकंपात छप्पर कोसळलं. पुन्हा बांधायला सुरुवात झाली, पण १८३४ ला ते काम थांबलं, ते थांबलंच. आता टोकदार कमानींच्या बरगड्या उभ्या आहेत आणि त्यांच्या वर आकाश. खाली गवत. एक कबुतर या कमानीवरून त्या कमानीवर.

बाबा आत शिरल्या शिरल्या थांबले. मलाही पाय उचलवेना. हे आमचं होतं. म्हणजे, हे आम्ही पाहिलेलं होतं. चर्चच्या मध्यभागी उभं राहून मान वर केली की ऊन तोंडावर पडणार, हे माझ्या अंगाला वसईहून माहीत होतं. फरक एवढाच की इथे भूकंपानं पाडलं आणि तिथे लढाईनं आणि नंतरच्या दोनशे-अडीचशे पावसाळ्यांनी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या चर्चांच्या घंटा हत्तींवरून देशावर गेल्या असं लहानपणापासून ऐकलंय. नाशिकला नारोशंकराच्या देवळात वसईची घंटा आजही आहे. बाबा एका खांबाच्या बुंध्याशी गेले आणि हाताचा तळवा दगडावर सपाट ठेवला, ताप बघतात तसा. शेजारी जमिनीत एक शिळा होती. त्यांनी वाकून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाचायची गरज नव्हती.

बाहेरच्या चौकात जकरंदाची झाडं आणि त्यांच्या सावलीत खुर्च्या. कार्मूला लागूनच सशस्त्र दलाची बराक आहे. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही सरकारचा पंतप्रधान मार्सेलू कायतानू याच बराकीत लपला होता आणि बाहेर सैनिकांचे रणगाडे आणि माणसांची गर्दी. संध्याकाळी त्यानं सत्ता सोडली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली, म्हणून ती कार्नेशन क्रांती. गोवा १९६१ ला सुटला, पण पोर्तुगालनं ते कागदावर मान्य केलं ते या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीला. या चौकात बसून कॉफी पिताना हे मला फार जवळचं वाटलं. आपल्याकडच्या एका गोष्टीचा शेवट इथल्या लोकांनी स्वतःसाठी केलेल्या बंडामुळे लागला.

दुपारी बसनं टाइल्सच्या संग्रहालयात गेलो. आझुलेजू म्हणजे ती निळी-पांढरी टाइल. इथे सुमारे २३ मीटर लांबीचं एक टाइलचित्र आहे, १७०० च्या आसपासचं, त्यात भूकंपाआधीचं अख्खं लिस्बन नदीतून दिसतं तसं रंगवलंय. बाबांनी डावीकडून सुरुवात केली आणि पाऊण तासानं उजव्या टोकाला पोचले. राजवाडा सापडल्यावर त्यांनी मला हाक मारली. काल ज्या पायरीवर त्यांचे बूट भिजले होते, तिथे निळ्या रेघांमध्ये होड्याच होड्या उभ्या होत्या.

तिसरा दिवस, शनिवार

बेलेम. नदीच्या मुखाकडचा भाग. इथूनच ८ जुलै १४९७ ला वास्को द गामा निघाला आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतला पोचला.

जेरोनिमुश मठ सकाळी उघडायच्या आधी गाठला तरी रांग होतीच. १५०१ साली बांधकाम सुरू झालं आणि त्यासाठी आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावर पाच टक्के कर लावला होता. मिरीचा विसावा हिस्सा म्हणत त्याला. एवढी दोनच वाक्यं लक्षात ठेवून आत जा आणि मग खांब बघा. दगडाला दोरखंड वळलेत, गाठी मारल्यात, समुद्री वनस्पती, पोवळी, वर ताडासारखे पसरलेले खांब. माझ्या पाहण्यातलं इतकं सुंदर दगडकाम युरोपात दुसरं नाही. आणि ते मिरीचं आहे, मलबारच्या मिरीचं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकत्रच बघायला हव्यात.

दारातून आत गेल्यावर लगेच दोन थडगी. एका बाजूला गामा, दुसऱ्या बाजूला कामोंइश, गोव्यात राहून गेलेला महाकवी. गामा कोचीला वारला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. त्याच्या अस्थी पुढे इकडे आणल्या. लोक थडग्यापाशी फोटो काढत होते. बाबांनी मला हळू आवाजात १५०२ ची हकीकत सांगितली, मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज गामानं बायकामुलांसकट जाळलं ती. माझ्या शेजारी उभी असलेली एक मुलगी, बहुधा केरळची, तिनं भाषा न कळताही गामा आणि मक्का हे दोन शब्द ऐकले आणि आमच्याकडे बघून मान हलवली. पुढे वेदीजवळ राजांची थडगी आहेत, ती संगमरवरी हत्तींनी पाठीवर पेललेली. आईनं ते हत्ती मोजले.

पाश्तेइश द बेलेम या दुकानात १८३७ पासून त्याच त्या अंड्याच्या कस्टर्डच्या टार्ट मिळतात. बाहेरची रांग पार्सलवाल्यांची असते, आत बसायला भरपूर खोल्या आहेत. आई अंडं खात नाही, तिनं बाबांच्या टार्टवरची दालचिनी बोटानं चाखली आणि ही आपल्याकडची नव्हे, सिलोनची, असं सांगितलं. मी विचारायला गेले नाही, आईच्या नाकावर माझा विश्वास आहे.

नदीकाठी शोधयात्रांचं स्मारक आहे. जहाजाच्या नाळेसारखा उंच पांढरा दगड आणि त्यावर चढत जाणाऱ्या आकृत्या, पुढे राजपुत्र हेन्री, मागे गामा, गोवा जिंकणारा आल्बुकर्क, फ्रान्सिस झेव्हियरसुद्धा. समोर जमिनीवर संगमरवरी जगाचा नकाशा, मुलं त्यावर उड्या मारत होती. मला हे स्मारक आवडलं नाही, आणि त्याचं कारण त्याच्या तारखेत आहे. मुळात १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं केलेलं हे काम १९६० साली दगडात उभारलं. १९६०! वसाहती हातातून निसटत होत्या, पुढच्याच वर्षी गोवा जाणार होता, आणि हुकूमशहा सालाझारचं सरकार ५० मीटर उंच दगडात सांगत होतं की आम्ही दर्यावर्दी. त्या साली तुरुंगांत कोण होतं हे पुढच्या दोन दिवसांत येईलच.

मग बेलेमचा बुरूज, आणि ज्याच्यासाठी मी आले होते तो गेंडा. १५१४ नंतर पाच-सहा वर्षांत बांधलेला हा बुरूज पाण्यात उभा आहे. आत न जाता आम्ही ओहोटीच्या वेळी बाजूच्या वाळूवर उतरलो. पश्चिमेकडच्या एका छोट्या टेहळणी-घुमटीच्या बुडाशी बघा. एक डोकं आहे. पाच शतकांच्या वाऱ्यानं झिजून गोल झालंय, शिंग ओळखू येत नाही. बाबांना बोटानं दाखवलं तेव्हा कुठे दिसलं.

हा गेंडा गुजरातचा. आल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायला परवानगी हवी होती. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा यानं परवानगी दिली नाही, त्याऐवजी नजराणा म्हणून गेंडा दिला. १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाज निघालं आणि २० मे ला गेंडा इथे, या किनाऱ्यावर उतरला. रोमन काळानंतर युरोपनं जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजा मानुएलनं त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळाला. मग पोपला भेट म्हणून त्याला पुन्हा जहाजात चढवलं आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ ते जहाज बुडालं. साखळदंडानं बांधलेला होता, पोहणार कसा. न्युरेंबर्गच्या ड्यूरर या चित्रकारानं तो कधी पाहिला नाही, वर्णन आणि एक रेखाटन यांवरून चित्र काढलं आणि युरोपनं पुढे कितीतरी वर्षं तेच चित्र खरं मानलं.

हे मी बाबांना सांगत होते आणि बाबा मध्येच म्हणाले, "आणि त्याच मुजफ्फरशहाचा मुलगा बहादूरशहा." मी थांबले. मला हा दुवा सुचलाच नव्हता. बापानं दीव नाकारलं आणि गेंडा दिला. मुलाला मुघल हुमायूनची भीती होती, त्यानं १५३४ साली पोर्तुगीजांना वसई दिली आणि पुढच्या वर्षी दीवला किल्लाही बांधू दिला. आमचं गाव दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे गेलं ते त्या तहानं. वाळूत उभं राहून आम्ही बाप-लेक त्या झिजलेल्या डोक्याकडे बघत होतो. वसईची गोष्ट जिथून सुरू होते तो धागा मला इथे, तेजूच्या चिखलात मिळाला.

परत येताना एका साध्या कॉफीच्या दुकानात काचेच्या कपाटात समोसे दिसले. 'शामुसा' म्हणतात, गोव्याकडून आलेला पदार्थ म्हणून इथे घराघरात ठाऊक. २०१५ ते २०२४ या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान असलेले अंतोनियू कॉश्ता मूळचे मडगावच्या घराण्यातले, त्याआधी ते या लिस्बनचे महापौर होते. घरी त्यांना 'बाबुश' म्हणतात, कोंकणीत छोटा मुलगा. दुकानदाराला आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर त्यानं पहिलं नाव हेच घेतलं.

चौथा दिवस, रविवार

पिवळी २८ नंबरची ट्राम दिवसा मिळणं कठीण, मिळाली तर बसायला जागा नाही. आम्ही सकाळी सातच्या सुमाराला शेवटच्या स्टॉपवरून, काम्पु द ओरिकहून चढलो आणि तिघांना खिडक्या मिळाल्या. लाकडी बाक, पितळी दांडा, चालक उभ्यानं चाक फिरवतो. आल्फामाच्या गल्लीत ट्राम इतकी भिंतीला चिकटून जाते की एका घराच्या उंबऱ्यावर ठेवलेली कुंडी आईच्या हाताला लागली असती.

किल्ल्यावरून शहर छान दिसतं, मोर फिरतात. ११४७ साली पोर्तुगालचा राजा आफोंसु हेन्रिकशनं तो मूर मुसलमानांकडून घेतला. वसईचा किल्ला पाहिलेल्याला तिथे फार वेळ लागत नाही. खाली आल्फामात मात्र वेळ द्यावा. भूकंपात हा भाग बराचसा वाचला, त्यामुळे गल्ल्या अजून अरब वळणाच्या, नावही अरबीच. रविवार असल्यानं दोऱ्यांवर चादरी, खालून मासे तळल्याचा वास, दारात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी. वसईच्या जुन्या वाड्यांमधून गेल्यासारखं वाटत होतं.

कॅथेड्रलच्या मागे आल्जूब. शहर बघायला येणारे बहुतेक लोक या दारावरून पुढे जातात. हा सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग, १९६५ ला बंद केला आणि २०१५ पासून इथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं संग्रहालय आहे. एका मजल्यावर कोठड्या आहेत, सुमारे एक मीटर रुंद, दोन मीटर लांब. बाबा एका कोठडीत जाऊन उभे राहिले. दोन्ही हात बाजूला पसरले तर कोपर सरळ करता येईना. ते बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

वसाहतींमधल्या लढ्यांवरही तिथे माहिती आहे, आफ्रिकेची अधिक. गोव्याचे टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे यांना धरून इकडे पोर्तुगालला आणलं होतं, लिस्बनच्या उत्तरेला पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं होतं. बाबा प्रत्येक फलकापाशी थांबत होते. त्यांना एक नाव हवं होतं. मला माहीत होतं कोणतं.

रात्री फादू, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, ऐकायला गेलो. दिवे मंद केले, वाढणारेही जिथल्या तिथे थांबले. काळी शाल घेतलेली बाई डोळे मिटून गायली, बारा तारांची गिटार सोबतीला. आईला फार आवडलं. बाबांचं लक्ष नव्हतं. परत येताना म्हणाले, "उद्याची गाडी किती वाजता आहे?"

पाचवा दिवस, सोमवार

काइश दु सोद्रे स्टेशनवरून काश्काइशकडे जाणारी लोकल नदीच्या, मग समुद्राच्या कडेनं जाते. वीसेक मिनिटांवर कशीयश. धिम्या गाडीनंच जावं, जलद तिथे थांबत नाही.

मोहन रानडे मूळचे सांगलीचे. गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि मुक्तिसंग्रामात शिरले. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा. १९६० ला त्यांना पोर्तुगालला आणलं आणि इथे, कशीयशच्या तुरुंगात ठेवलं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. फटाके वाजले, तिरंगा चढला. रानडे इथेच. आणखी सात वर्षं. त्यांच्या सुटकेसाठी बाबूजी, सुधीर फडके, महाराष्ट्रभर हिंडले. १९६९ च्या जानेवारीत ते सुटले.

बाबा तेव्हा शाळेत होते. वर्तमानपत्रातला फोटो त्यांच्या मास्तरांनी फळ्याशेजारी चिकटवला होता, ही आठवण मी शंभरदा ऐकली असेन. "मराठीचा मास्तर होता," बाबा म्हणायचे, आणि मला वाटायचं, बाबा मास्तर झाले त्यात त्या फोटोचाही काही वाटा असावा. विचारलं मात्र कधी नाही.

तुरुंग वर टेकडीवर आहे आणि आजही तो तुरुंगच आहे, त्यामुळे आत जाण्याचा प्रश्न नव्हता. आम्ही स्टेशनजवळच्या छोट्याशा पुळणीवर बसलो. वारा होता. समोर नदी समुद्राला मिळते ते पाणी, त्यावरून जाणारं एक मालवाहू जहाज. चौदा वर्षांतली आठ-नऊ वर्षं त्या माणसानं याच हवेत काढली. समुद्राची गाज त्यांना कोठडीत ऐकू येत असेल का, असं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "वाऱ्यावर असेल."

आईनं पिशवीतून पाव काढला, सोबत संत्री. बाबांनी पाव हातात तसाच धरून ठेवला आणि खिशातून वही काढली. तीच नव्हे, पण तशीच, आखीव, दुरेघी. स्टेशनच्या पाटीवरची पोर्तुगीज अक्षरं त्यांनी उतरताना टिपून घेतली होती. तिच्या खाली त्यांनी तारीख घातली, आणि तिच्या खाली देवनागरीत, शाळेच्या फळ्यावर लिहायचे तशा ठळक अक्षरात, मोहन रानडे, १९६० ते १९६९.

परतीची गाडी पंचवीस मिनिटांनी होती. त्यांनी पाव खाल्ला, वही मिटली आणि आईला म्हणाले, "संत्रं दे."